हात दाखवला की थांबायला हवं: माणसांत फिरणाऱ्या रोबोटला हातवारे कसे शिकवायचे

‘हात दाखवा, एसटी थांबवा’ ज्यांनी अनुभवलंय त्यांनी ड्रायव्हरचं काम एकदा आठवून पाहावं. फाट्यावर दहा माणसं उभी असतात. एक बाई पदर सावरत असते, एक पोरगा पलीकडच्या मित्राला खुणावत असतो, एक आजोबा कपाळावर हात धरून गाडीची पाटी वाचत असतात आणि एकच माणूस खरोखर गाडीला हात दाखवत असतो. ड्रायव्हर खड्डे चुकवत, चालत्या गाडीतून, नेमका तो एक हात ओळखतो. वेग उतरायला लागलेला दिसला की तो माणूसही हात खाली घेतो. तेवढ्यात दोघांचं बोलणं पुरं झालेलं असतं.

माणसांत फिरणाऱ्या रोबोटला हे सगळं शिकवायचं आहे. हाताचा आकार ओळखणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग, त्यासाठी तयार मॉडेल मिळतात. खरा कस लागतो तो हात कोणी, कोणाला दाखवला आणि मुळात तो हातवारा होता का, हे ठरवताना. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांबरोबर कॉलेजच्या व्हरांड्यात असा रोबोट चालवताना माझा बहुतेक वेळ ‘हा हातवारा नाही’ हे शिकवण्यात गेला आहे. त्यामुळे या लेखाचा तोलही तिकडेच झुकलेला आहे.

डोळ्यांसमोर ठेवा असा रोबोट: चाकांवरचा, इमारतीच्या आत फिरणारा, माणसाच्या चालीपेक्षा हळू चालणारा. दवाखान्यात औषधं पोचवणारा किंवा ग्रंथालयात पुस्तकं नेणारा. आरओएस २ (रोबोटचे वेगवेगळे भाग जोडणारी सॉफ्टवेअरची चौकट) आणि पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेची तोंडओळख तुम्हाला आहे, असं धरून चालतो.

पहिले दोन दिवस रोबोट आपणच चालवा

आम्ही पहिल्या वर्षी ही पायरी गाळली. इंटरनेटवरच्या चित्रफितींवर तयार झालेलं मॉडेल बसवलं आणि रोबोट व्हरांड्यात सोडला. समोरून शिपाई मामा आले. त्यांनी कौतुकानं त्याला बोलावलं, आपण सगळे बोलावतो तसं: तळहात जमिनीकडे, चार बोटं एकत्र, आपल्याकडे ओढल्यासारखी. रोबोट वळला आणि सरळ उलट दिशेला निघाला. मामा दोन पावलं मागे गेले, “अरे, तुलाच बोलावतोय!” म्हणत आणखी जोरात हात हलवला. रोबोट आणखी लांब गेला. मॉडेलच्या चित्रफितींतली माणसं तळहात वर करून बोलावत होती. तळहात खाली म्हणजे त्याच्या लेखी ‘जा’.

म्हणून आधी मॉडेल नको. एका विद्यार्थ्याच्या हातात जॉयस्टिक द्या, त्याला खांबाआड उभा करा आणि रोबोट स्वतः चालतोय असं लोकांना वाटू द्या. दोन दिवस, गर्दीच्या आणि निवांत अशा दोन्ही वेळी. लोक रोबोटशी हातांनी काय बोलतात ते टिपून ठेवा. किती अंतरावरून हात केला, मोकळ्या हातानं की डबा धरलेल्या हातानं, रोबोटनं दाद दिली नाही तेव्हा पुढं काय केलं, एवढं लिहिलं तरी खूप. दाद न मिळालेला माणूस तोच हातवारा पुन्हा करतो, पण मोठा आणि जलद करतो, म्हणजे दुसऱ्या खेपेचा हातवारा पहिल्यासारखा दिसतच नाही. ही गोष्ट पुढे फार उपयोगी पडते.

चित्रण करणार असाल तर दारावर ठळक मराठीत सूचना लावा आणि ओळखीच्या चेहऱ्यांची लेखी संमती घ्या. २०२३ साली आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा झाला आहे. कायदा नसता तरी, न विचारता कुणाचा चेहरा साठवणं बरं नव्हेच. आम्ही सांध्यांचे बिंदू काढून झाले की मूळ चित्रफीत पुसतो.

कॅमेरा किती उंचीवर?

शिकण्यासाठी बरेच जण टर्टलबॉट ३ बर्गर हा छोटा तयार रोबोट घेतात. तो जेमतेम १९ सेंटिमीटर उंच आहे. त्याच्या डोक्यावर कॅमेरा लावून समोर रोखला तर एक मीटरवरच्या माणसाचे फक्त मांड्यांपर्यंतचे पाय दिसतात. उंचावलेला हात चित्रात येणारच नाही आणि तुम्ही मॉडेलला दोष देत बसाल.

कॅमेरा १.१ मीटरच्या आसपास हवा. हलक्या ॲल्युमिनियमच्या दांड्यावर बसवा. दांडा उंच झाला की रोबोट डुगडुगतो, म्हणून बॅटरी शक्य तितकी खाली ठेवा आणि बूड रुंद करा. बर्गर यासाठी लहान पडतो. दांडा लावायचाच असेल तर मोठ्या बुडाचा रोबोट घ्या.

दुसरी युक्ती साधी आहे: कॅमेरा आडवा न लावता उभा लावा. रिअलसेन्स डी४३५ या रोबोटवर लावायच्या कॅमेऱ्याचा रंगीत भाग आडवा ६९ अंश आणि उभा ४२ अंश पाहतो. तो ९० अंशांत फिरवून बसवला की उभ्या दिशेला ६९ अंश मिळतात. १.१ मीटर उंचीवरून, एक मीटरवर उभ्या असलेल्या माणसाचा साधारण ४० सेंटिमीटरपासून १८० सेंटिमीटरपर्यंतचा भाग त्यात येतो, म्हणजे गुडघ्यापासून डोक्यापर्यंत. मॉडेलला देण्याआधी चित्र सॉफ्टवेअरमध्ये सरळ करून घ्यायला विसरू नका. बाजूनं येणारी माणसं मग कॅमेऱ्यातून सुटतात, ती लायडारवर (लेसरनं आजूबाजूची अंतरं मोजणाऱ्या यंत्रावर) सोपवा. लायडारला हात दिसत नाही, पण पाय चारही दिशांना दिसतात.

आणि आपल्याकडची एक खास अडचण. वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्यानं जुन्या ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. कॅमेऱ्याची सेटिंग ६० हर्ट्झवर असेल तर चित्रावर पट्टे सरकताना दिसतात. ती ५० वर आणा. हे शोधायला आमचे तीन दिवस गेले होते.

तीन मीटरवर हात केवढा दिसतो?

हा हिशेब आधी कागदावर करा, कारण पुढचे अर्धे निर्णय त्यातून आपोआप होतात.

६४० बिंदू (पिक्सेल) रुंदीचं चित्र आणि ६९ अंशांची नजर असेल तर तीन मीटरवर सुमारे ४.१ मीटर रुंदीचं दृश्य मावतं. म्हणजे एका मीटरला साधारण १५५ बिंदू. १८ सेंटिमीटरचा हात तिथं २८ बिंदूंचा होतो आणि बोट जेमतेम अडीच बिंदूंचं. अडीच बिंदूंत कोणतं बोट उघडं आणि कोणतं मिटलेलं, हे माणसालाही सांगता येणार नाही. खांद्यांची रुंदी मात्र ६० बिंदूंच्या वर असते आणि अख्खा हात त्याहून मोठा.

आता रोबोट वळतोय असं धरा. सेकंदाला एक रेडियन, म्हणजे ५७ अंश. संध्याकाळच्या अंधूक व्हरांड्यात कॅमेऱ्यानं झडप (शटर) १/३० सेकंद उघडी ठेवली तर तेवढ्यात रोबोट १.९ अंश फिरतो आणि चित्र सुमारे १८ बिंदूंनी फासलं जातं, म्हणजे धूसर होतं. हात २८ बिंदूंचा आणि फासलेपण १८ बिंदूंचं. कितीही चांगलं मॉडेल असलं तरी यातून काही हाती लागत नाही. झडप १/२०० सेकंदावर आणली तर फासलेपण तीन बिंदूंच्या आत येतं, पण त्याला उजेड लागतो. उजेड वाढवता येत नसेल तर माणूस समोर असताना वळण्याचा वेगच ०.३ रेडियनवर रोखा. आपणही एखाद्याकडं नीट बघायचं असलं की मान भरभर हलवत नाही.

तिसरा हिशेब थांबण्याचा. रोबोट सेकंदाला अर्धा मीटर चालतोय. हात वर झाल्यापासून चाकांना आदेश पोचेपर्यंत ०.८ सेकंद लागतात असं धरा: कॅमेऱ्याचा आणि गणिताचा उशीर ०.२, खात्री करायला अर्धा सेकंद, मोटरपर्यंत ०.१. तेवढ्यात रोबोट ४० सेंटिमीटर पुढं गेलेला असतो. मग अर्धा मीटर प्रतिसेकंद वर्ग या दरानं वेग उतरवला तर आणखी २५ सेंटिमीटर आणि एक सेकंद. एकूण १.८ सेकंद. समोरचा माणूस १.२ मीटरच्या चालीनं येत असेल तर तेवढ्या वेळात तो २.१६ मीटर आलेला असतो. दोन्ही मिळून २.८ मीटर. म्हणजे ‘थांब’ हा हातवारा तीन मीटरच्या पलीकडूनच कळायला हवा आणि तिथं बोटं दिसत नाहीत.

यातून नियम निघतो: लांबचे हातवारे अख्ख्या हाताचे, बोटांचे हातवारे फक्त दीड मीटरच्या आत.

चार हातवारे पुरेत

विद्यार्थी यादी घेऊन येतात तेव्हा तीत वीस हातवारे असतात: अंगठा, विजयाची खूण, आकडे. मी चार ठेवायला सांगतो. थांब (हात पुढं, तळहात रोबोटकडं). ये (तळहात खाली, ओढल्यासारखा, आणि लांबून असेल तर डोक्यावरून हात घेऊन). तू आधी जा (हात बाजूला नेऊन वाट दाखवणं). तिकडं (बोट किंवा हात रोखून). पाचवा वर्ग ‘काही नाही’. या चारांत रोजचं जवळपास सगळं काम भागतं, आणि वर्ग जितके कमी तितकी चुकीला जागा कमी.

नमस्कार गोड वाटतो, यादीत घ्यावासा वाटतो. पण दोन्ही तळवे जुळले की एक हात दुसऱ्याला झाकतो आणि हाताचे बिंदू काढणारी मॉडेल गोंधळतात. घ्यायचाच असेल तर बोटांवरून नव्हे, दोन्ही मनगटं छातीसमोर जवळ आली का यावरून ओळखा.

डेटा: पदर, डबा, हेल्मेट

तयार संग्रह आहेत. जेस्टर हा त्यातला प्रसिद्ध: १ लाख ४८ हजारांहून अधिक चित्रफिती, २७ प्रकारचे हातवारे. पण त्यातली माणसं लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर बसून हातवारे करतात. तुमचा कॅमेरा चालतोय, माणूसही चालतोय आणि त्याच्या काखेत फाइल आहे. सुरुवातीच्या सरावाला असे संग्रह वापरा, भिस्त स्वतःच्या डेटावर ठेवा.

२५ ते ३० माणसं मिळवा. सगळी तुमच्याच वर्गातली विशीतली मुलं नकोत. साडीतल्या बाई, ओढणी घेतलेली मुलगी, बुरख्यातली बाई, पूर्ण बाह्यांचा स्वेटर घातलेले आजोबा, रेनकोटातला माणूस, दहा वर्षांचं पोर, व्हीलचेअरवरची व्यक्ती. ज्यांचा खांदा धरला आहे त्यांचा ‘थांब’ छातीच्या वर जातच नाही. दवाखान्यात फिरणाऱ्या रोबोटला तोच ‘थांब’ सगळ्यात आधी कळायला हवा. प्रत्येकाकडून डाव्या हातानं, उजव्या हातानं आणि एका हातात पिशवी असताना, असं तिन्ही तऱ्हांनी करून घ्या. चित्रण करताना रोबोट चालता हवा: जवळ येताना, लांब जाताना, वळताना. एका जागी थांबलेल्या कॅमेऱ्यानं घेतलेल्या डेटावर शिकलेलं मॉडेल रोबोट हलला की ढेपाळतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एकूण डेटापैकी किमान अर्धा ‘काही नाही’चा असू द्या. आणि तो नुसत्या शांत उभ्या माणसांचा नको, हातवाऱ्यासारख्या दिसणाऱ्या गोष्टींचा हवा: पदर खांद्यावर टाकणं, केस सारखे करणं, चष्मा वर ढकलणं, फोन कानाला लावणं, फोनवर बोलताना रिकाम्या हातानं समजावून सांगणं, माशी हाकलणं, जांभई देताना हात ताणणं, रोबोटच्या मागं उभ्या असलेल्या मैत्रिणीला हात करणं. आमच्या रोबोटला ‘थांब’ वाटायला लावणारी पहिल्या क्रमांकाची गोष्ट कोणती निघाली? हेल्मेट काढून हातात धरणं. कोपर वर, मनगट डोक्याजवळ, अगदी हुबेहूब. त्याचे चाळीस-पन्नास नमुने घातले तेव्हा कुठे तो त्रास थांबला.

लेबल लावताना हातवाऱ्याचे तीन भाग वेगळे ठेवा. हातवाऱ्यांचे अभ्यासक ॲडम केन्डन यांनी ही विभागणी रूढ केली: हात उचलण्याची तयारी, मग मुख्य क्षण, मग हात परत नेणं. लेबल फक्त मुख्य क्षणावर लावा. हात खाली नेण्याच्या हालचालीला ‘ये’चं लेबल लागलं तर रोबोट प्रत्येक ‘थांब’नंतर पुढं यायला लागेल. सुरुवातीला आमच्याकडं नेमकं हेच घडलं होतं.

चित्र नको, सांधे द्या

मॉडेलला अख्खं चित्र देऊ नका. आधी शरीराचे बिंदू, म्हणजे सांध्यांच्या जागा, काढा आणि तेच द्या. मीडियापाइप हे तयार सॉफ्टवेअर शरीराचे ३३ आणि एका हाताचे २१ बिंदू देतं, योलो या दुसऱ्या तयार सॉफ्टवेअरचं पोझ मॉडेल गर्दीतल्या प्रत्येक माणसाचे १७ बिंदू देतं. लांबच्या हातवाऱ्यांना त्यातले ११ पुरतात: नाक, दोन कान, खांदे, कोपरं, मनगटं, कंबरेचे दोन. प्रत्येकाबरोबर तो बिंदू किती खात्रीचा आहे हा आकडाही द्या, कारण पिशवीआड गेलेलं मनगट मॉडेल अंदाजानं कुठंही ठेवून देतं.

मग सगळे बिंदू माणसाच्या स्वतःच्या मापात आणा. दोन खांद्यांचा मध्य म्हणजे शून्य. तिथून प्रत्येक बिंदू किती लांब ते मोजा आणि धडाच्या लांबीनं भागा. यानं रोबोटच्या स्वतःच्या हालचालीचा मोठा भाग कटतो, कारण कॅमेरा हलला तर खांदा आणि मनगट दोन्ही सारखेच सरकतात. भागायला खांद्यांची रुंदी वापरावीशी वाटते, पण माणूस एका बाजूला वळला की ती आक्रसते आणि साधा हात अवाढव्य दिसायला लागतो. धड टेबलाआड असेल तेव्हा खांद्यांची रुंदी, एरवी धड.

‘तिकडं’ या हातवाऱ्याला मात्र खरी दिशा लागते, तिथं प्रत्येक बिंदूचं अंतरही मोजणारा (डेप्थ) कॅमेरा हवा. दिशा काढताना कोपर ते मनगट ही रेघ घेऊ नका. माणूस डोळा आणि बोटाचं टोक एका रेषेत आणून दाखवतो, म्हणून डोक्यापासून हातापर्यंतची रेघ जास्त खरी ठरते. ती रेघ नकाशात मांडताना चित्र घेतलं त्या क्षणाची रोबोटची जागा वापरा, आत्ताची नव्हे. अर्ध्या रेडियनच्या वेगानं वळताना ०.२ सेकंदाचा फरक पडला तरी तीन मीटरवर खूण ३० सेंटिमीटर घसरते, म्हणजे शेजारच्या खुर्चीवर. आरओएस २ मध्ये टीएफकडून (कुठला भाग कधी कुठं होता याची नोंद ठेवणाऱ्या सोयीकडून) जुन्या वेळेची जागा मागता येते, फक्त प्रत्येक चित्रावरचा वेळेचा शिक्का खरा हवा.

मॉडेल लहानच ठेवा

सेकंदाला १५ फ्रेम (चित्रं), मागच्या २० फ्रेमची माळ, आणि तिच्यावर छोटं जीआरयू किंवा एकमितीय कन्व्होल्यूशनचं जाळं (दोन्ही क्रमानं येणारी माहिती वाचणारी न्यूरल नेटवर्क). ग्राफिक कार्डाशिवाय चालतं. ‘ये’ हलता हातवारा आहे, त्याला ही माळ लागते. ‘थांब’ स्थिर आहे, त्यासाठी सव्वा सेकंद थांबणं परवडत नाही. त्याचा वेगळा, फ्रेमगणिक उत्तर देणारा लहान वर्गीकारक ठेवा आणि शेवटच्या आठांपैकी सहा फ्रेमनी ‘थांब’ म्हटलं की मान्य करा. वरच्या हिशेबातला अर्धा सेकंद तो हाच.

डेटाची वाटणी माणसांप्रमाणे करा. एकाच माणसाच्या काही फ्रेम शिकवायला आणि काही तपासायला ठेवल्या तर आकडे फार सुंदर येतात आणि सगळे खोटे असतात. पाच-सहा माणसं अशी ठेवा जी मॉडेलनं कधीच पाहिलेली नाहीत. डावं-उजवं उलटवून डेटा दुप्पट करताना बिंदूंची नावंही अदलाबदल करा, नाहीतर डावं मनगट उजव्या खांद्याला चिकटतं.

अचूकतेच्या टक्क्यांकडं फार पाहू नका. दोन आकडे विचारा: कुणी काही न सांगता रोबोटनं तासाला किती वेळा हातवारा ‘ऐकला’, आणि खऱ्या दहा ‘थांब’पैकी किती हुकले. दोन्हींची किंमत सारखी नाही. उगाच थांबला तर दोन सेकंद गेले. उगाच ‘ये’ समजला तर तो कुणाच्या तरी अंगावर निघाला. म्हणून ‘थांब’ला खात्रीची पट्टी खाली ठेवा, ‘ये’ला खूप वर.

मला म्हणालात का?

आपण अनोळखी माणसाशी बोलण्याआधी नजर मिळवतो. रोबोटलाही तेवढी पायरी लागते. हातवारा मान्य करण्याआधी पाहा: माणूस चार मीटरच्या आत आहे का, खांदे रोबोटकडं वळलेले आहेत का, नाक दोन कानांच्या मधोमध दिसतंय का. तिन्ही जमलं तर ‘हा मलाच म्हणतोय’ असं धरायला हरकत नाही. फोनवर हात हलवणाऱ्या माणसाचं नाक सहसा दुसरीकडंच असतं, त्यामुळे ही एक चाळणी लावली की बरेचसे खोटे हातवारे गळतात.

‘ये’ मान्य झाला की त्या माणसाला खुणेचा क्रमांक द्या आणि काही सेकंद फक्त त्याचंच ऐका. नाहीतर दोन बाजूंनी दोघांनी बोलावलं की रोबोट मधेच हेलकावे खात राहतो. ‘थांब’ला मात्र ही अट नको. ‘थांब’ कुणीही म्हणू शकतो, पाठमोरा नसला की झालं.

रोबोकप या आंतरराष्ट्रीय रोबोट-स्पर्धेच्या घरकाम विभागात, जो २००६ पासून चालतो, उपाहारगृहाचं एक आव्हान असतं: अनोळखी जागी हात वर करणारं गिऱ्हाईक रोबोटनं स्वतः हेरायचं आणि त्याच्यापर्यंत जायचं. त्या स्पर्धेच्या चित्रफिती विद्यार्थ्यांना जरूर दाखवा. हात सापडायला वेळ लागत नाही, योग्य माणूस सापडायला लागतो.

ब्रेक हातवाऱ्याच्या भरवशावर नको

इथं मी कुणाचं ऐकत नाही. हातवारा ओळखणारा भाग चाकांना थेट आदेश कधीच देणार नाही. तो फक्त विनंती करतो. ती मानायची की नाही हे वर्तनाचा भाग ठरवतो आणि शेवटचा शब्द लायडारवर चालणाऱ्या स्वतंत्र सुरक्षा भागाचा. नॅव्ह२ मध्ये (आरओएस २ च्या वाट काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) यासाठी कोलिजन मॉनिटर आहे, आणि वेगवेगळ्या आदेशांना अग्रक्रम लावायला ट्विस्ट मक्स हे आरओएसचं वेगळं पॅकेज. कॅमेरा बंद पडला, मॉडेल अडकलं, वायर सुटली, तरी समोर पाय दिसला की रोबोट थांबलाच पाहिजे. कॅमेऱ्याकडून अर्धा सेकंद काही आलं नाही तर वेग निम्मा. आणि लाल बटण: मोठं, चारही बाजूंनी हाताला येणारं, मोटरचा वीजपुरवठाच तोडणारं. माणसांच्या सेवेत वावरणाऱ्या रोबोटच्या सुरक्षेसाठी २०१४ साली आलेलं आयएसओ १३४८२ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. कॉलेजचा प्रकल्प असला तरी धोक्यांची यादी कशी करायची हे त्याच्या धाटणीवरून शिकण्यासारखं आहे.

लगेच उत्तर द्या

दाद न मिळालेला माणूस हातवारा बदलतो, हे आपण पहिल्या दोन दिवसांतच पाहिलं. म्हणून रोबोटनं थांबण्याआधी ‘कळलं’ असं सांगायला हवं, पाव-अर्ध्या सेकंदात. रंगीत दिवे लावले तर त्यांचा अर्थ लोकांना शिकवावा लागतो. आम्ही एसटी कंडक्टरची घंटी घेतली: एक टण म्हणजे थांबतोय, दोन म्हणजे निघतोय. कुणालाही काही समजावून सांगावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी मामाच रोबोटला “डबल बेल!” म्हणून पुढं पाठवायला लागले.

उत्तर देण्याची गरज जुनीच आहे. १९९८ साली स्मिथसोनियनच्या संग्रहालयात मिनर्व्हा नावाचा रोबोट प्रेक्षकांना फिरवत होता. वाट अडवली की त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जायचं आणि तो नाराज दिसायला लागायचा, म्हणजे लोकांना कळायचं की बाजूला व्हायला हवं. घंटी, चेहरा, ‘थांबतो’ असं मराठीत बोलणं, काहीही निवडा, पण एकदा निवडलं की बदलू नका.

न केलेले हातवारेही वाचा

माणूस दर वेळी हात उचलत नाही. व्हरांड्यात समोरासमोर आलं की कुणी खांदा जरा तिरपा करतं, कुणी पाऊल आखडतं, कुणी भिंतीकडं सरकतं. हे सगळे ‘तू जा’चेच प्रकार आहेत. बिंदूंच्या त्याच माळेतून खांद्यांची दिशा आणि चालण्याचा वेग मिळतो, वेगळं काही बसवावं लागत नाही.

अंतरांसाठी मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांची १९६६ ची मापं अजूनही सुरुवातीला चालतात: ४५ सेंटिमीटरपर्यंत अगदी जवळच्यांचं, तिथून १.२ मीटरपर्यंत ओळखीच्यांचं, त्यापुढं ३.६ मीटरपर्यंत परक्यांशी व्यवहाराचं. पण ती अमेरिकेतल्या निरीक्षणांतून आलेली आहेत. लोकलच्या दारात उभं राहिलेल्या माणसाला दीड मीटर म्हणजे मैदान वाटतं. अंतर खूप ठेवलं तर आणखी एक अडचण येते: गर्दीत रोबोटला एकही वाट ‘सुरक्षित’ दिसत नाही आणि तो जागीच गोठतो. ट्राउटमन आणि क्राउझ या संशोधकांनी २०१० साली ही अडचण मांडली. माणसं आपल्याला वाट करून देतात हे रोबोटनं हिशेबात धरलं नाही तर सुटका नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून गर्दीत वेग अगदी कमी ठेवून रोबोटला इंचाइंचानं पुढं सरकू द्या. ‘मला जायचंय’ हे सांगण्याचा तो त्याचा हातवारा आहे. कुठल्या बाजूनं जायचं ते मात्र आपल्या इमारतीत अर्धा तास उभं राहून, लोक कुठून चालतात ते बघून ठरवा.

माणसांत सोडताना

सिम्युलेशन, म्हणजे संगणकातली नक्कल, वाट काढण्याच्या चाचणीपुरतं ठीक. हातवाऱ्यांसाठी त्यावर वेळ घालवू नका, गॅझेबो या सिम्युलेटरमधली माणसं पदर सावरत नाहीत.

पहिला तास रोबोटबरोबर एकानं चालायचं, हात लाल बटणावर, वेग सेकंदाला ०.२ मीटर. पुढचे चार दिवस तोच वेग, पण माणूस पाच पावलं मागं. मग वेग थोडाथोडा वाढवा, आणि दर वेळी वरचा थांबण्याचा हिशेब नव्यानं करा. रोबोटनं मान्य केलेला प्रत्येक हातवारा आणि त्याआधीचे तीन सेकंद बिंदूंच्या रूपात साठवा. रोज संध्याकाळी दोघांनी मिळून ते पाहायचे. खोटे निघालेले सगळे ‘काही नाही’च्या खात्यात जमा करायचे आणि आठवड्यानं मॉडेल पुन्हा शिकवायचं. हुकलेले हातवारे यात दिसत नाहीत, कारण ते साठवलेच गेलेले नसतात. त्यासाठी रोज अर्धा तास कुणीतरी वही घेऊन व्हरांड्यात उभं राहावं. आमच्याकडं ते काम आता मामा करतात. कुणी हात दाखवला आणि रोबोट थांबला नाही की वेळ आणि त्या माणसाच्या हातात काय होतं ते ते लिहून ठेवतात. गेल्या आठवड्यात सात नोंदी होत्या, त्यातल्या चारांत हातात चहाचा कप होता. तेव्हा येत्या शनिवारी कप धरलेल्या हातांचे ‘थांब’ चित्रित करायचे आहेत.